लेह, खिंडीच्या अलीकडे

आई, मी लेहला जाऊन आले. लेह कुठं आहे ते तुला माहीत नाही, मलाही नव्हतं. तू आळंदी-चाकणच्या पुढं कधी गेली नाहीस, आणि बाजाराला जायचं म्हटलं तरी परमुलखात निघाल्यासारखी दोनदा कुलूप ओढून बघायचीस. चाकणवरून नाशिकला रस्ता जातो ना, तसंच उत्तरेला धरून जात राहायचं, दिल्ली मागं टाकायची, मग डोंगर चढायला लागायचे, संपले वाटले की आणखी चढायचे, आणि माणसानं इथं राहू नये हे जिथं नक्की होतं तिथं ते शहर आहे. दुकानं आहेत, शाळा आहेत, बँकेबाहेर रांग आहे. मी मात्र चढले नाही काही. विमानात बसवलं मला, आणि उतरवलं.

हे मी बोलतेय आणि आमच्या मागच्या खोलीतली भाडेकरीण लिहितेय. परभणीकडची आहे. नवरा चाकणला शिफ्टला जातो, हिचं बी. ए. झालेलं, दुपारची मोकळी असते. मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' लिहिते. म्हणते, मावशी, कागदावर बरं दिसतं. म्हटलं लिही बाई, माझी आई कुठं वाचणाराय. तू मला शाळेत घातलं नाहीस, म्हणून तुझ्याबद्दलच्या तक्रारीसुद्धा मला दुसरीच्या हातानं लिहाव्या लागतात, हे एकदा तुझ्या कानावर घालायचं होतं. नात माझी झरझर लिहिते, पण हे पत्र तिच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

माझा मुलगा तुला आठवत असेल. तू गेलीस तेव्हा पाचवीत होता, तुझ्या तिरडीच्या पुढं पळत होता म्हणून त्यानं मार खाल्ला होता. मोठा झाल्यावर तो गाडी पोचवणारा ड्रायव्हर झाला. तुझ्या वेळी हे काम नव्हतं. चाकणला आता बैलबाजारापेक्षा कंपन्यांचंच नाव. तिथं नव्या गाड्या तयार होतात आणि ज्या गावाला विकल्या असतील तिथवर कुणीतरी चालवत नेऊन द्यायच्या असतात. जाताना माणूस राजासारखा जातो, कोऱ्या गाडीत, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही. येताना खांद्याला पिशवी आणि रेल्वेचा जनरल डबा. बारा वर्षांपूर्वी तो पाण्याचा टँकर घेऊन लेहला गेला. पोचल्यावर तिथल्या एका दुकानातून फोन केला. म्हणाला, "आये, गाडी दिली. हितं आभाळ लई खाली आलंय गं. उद्या निघतो." त्याचं शेवटचं बोलणं ते. पंधरा दिवस वाट बघून आम्ही ठेकेदाराकडं गेलो, तर त्यानं पोचपावती काढून दाखवली, शिक्का, सही, सगळं होतं. गाडी पोचली होती. गाडीच्या लोखंडावर नंबर कोरलेला असतो, ती चोरीला गेली असती तर देशभरात कुठंही सापडली असती. माणसावर काही कोरत नाहीत. पोलिसांनी तक्रार घेतली, तिकडच्या ठाण्याला दोनदा कळवलं, आणि पुढं आम्हाला त्या तक्रारीचा नंबर तेवढा पाठ झाला.

सून तेव्हा तिशीची होती, नात आठ वर्षांची. सून भोसरीला एका वर्कशॉपात रबराच्या वायसरी कापते, आठ तास उभी राहून. कुंकू लावते, वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळते, आणि गुंडाळता गुंडाळता वडालाच विचारत असेल की नक्की कुणासाठी. यंदा चैत्रात ती माझ्या समोर बसून तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "आत्या, मला सवाशीण ठेवा न्हाईतर विधवा करा. ह्या मधल्या पायरीवर बसून माझी कंबर मोडली." रडली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ ओढले. बारा वर्षं भरली होती. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की त्याचा पुतळा करून जाळतात, हे मी तुला काय सांगणार.

तेरा वर्षांची होते मी. बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. चाकणच्या बाजारातून कुणा व्यापाऱ्याचे बैल हाकत ते वऱ्हाडाकडं गेले, पुढं काही नाही. मग भावकीनं एके दिवशी नदीवर त्यांचा पुतळा केला. नारळाचं डोकं, पळसाच्या काड्यांचे हातपाय, वरून पिठाचा लेप. बाप म्हणून मी पाहिलेला तेवढाच. बरा दिसत होता. त्याला अग्नी दिला, तुझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, आणि तू घरी येऊन चूल सारवायला बसलीस. मी दारात उभी आहे. अंगावर सकाळचंच परकर-पोलकं, आत धूर आहे, तुझे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेत. मी विचारते, आणि बाबा आले तर? तू त्याच हातानं माझ्या पाठीत धपाटा घातलास. मग, मारल्याचं वाईट वाटून असेल, खालच्या आवाजात म्हणालीस, "आता येऊ नये त्यानं. जाळल्याला मानूस परत आला तर त्याला पाळण्यात घालून पुन्हा बारसं करावं लागतं. माझ्या अंगात तेवढं दूध न्हाई राह्यलं." पोलक्यावरचा डाग गेला, पण वाक्य गेलं नाही. साठ वर्षं मी मनात धरून होते की ही कसली बायको, नवरा येऊ नये म्हणते.

सुनेला मी हो म्हटलं. पण नात अडून बसली. तिचा डिप्लोमा झालाय, चाकणला एका कंपनीत माल तपासायच्या विभागात लागलीय, दिवसभर सुट्या भागांतलं वाकडं काय ते शोधत असते, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. म्हणाली, जाळायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघून तरी येऊ. तक्रार कागदावर गेली, आपल्यातलं माणूस कुणी गेलंच नाही. तिच्या कंपनीचं शटडाऊन होतं, सुट्टी होती. सुनेला म्हटलं तू चल. ती म्हणाली, मी आले आणि तो दिसला तर मी त्याला काय म्हणू? म्हणून मग म्हातारी निघाली. डॉक्टरनं सांगितलं होतं, आजींना नेऊ नका. नातीनं त्याला सांगितलं, आजींना नेत नाही, आजी मला नेतायत. ते खोटं होतं, पण बरं वाटलं.

विमानातून खाली बघितलं तर नांगरून सोडून दिलेलं रान दिसलं. ढेकळंच ढेकळं, आणि काही ढेकळांवर मीठ सांडल्यासारखं बर्फ. एक झाड नाही, एक हिरवी रेघ नाही. मी नातीला म्हटलं, ह्यांचं बी उगवलेलं दिसत नाही. उतरल्यावर पहिलं काय झालं सांगू, चार पावलं टाकली आणि छातीनं विचारलं, कुठं निघालीस? दुखत काही नाही. तुझ्या घासातला अर्धा घास कुणी न बोलता उचलून न्यावा, तसा तिथं प्रत्येक श्वासातला अर्धा कुणीतरी काढून घेतं. लाउडस्पीकरवर एक बाई सारखी सांगत होती की पाहुण्यांनी दोन दिवस काही करू नये, पडून राहावं. जन्मात मला कुणी असं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते कुठं, तर जिथं मला पळत सुटायचं होतं.

एका घरात खोली घेतली होती. घरमालकीण माझ्याच वयाची, गालांवर उन्हानं भाजलेल्या रेघा, हातात सदा जपमाळ. तिथं आजीला अबी-ले म्हणतात. ती मला अबी-ले म्हणायची, मी तिला बाई म्हणायचे, आणि आम्ही दोघी सारखंच मोडकं हिंदी बोलायचो, त्यामुळं छान जमलं. तिनं मीठ आणि लोणी घातलेला चहा दिला. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, डाळ चांगली झालीय. नातीनं डोळे वटारले. घरमालकीण खूप हसली, मग तिला खोकला आला, म्हणजे जन्म तिथं काढूनही तिला फुकट हसता येत नव्हतं.

दोन दिवस खिडकीत बसून गाव बघितलं. उन्हात हात ठेवला तर भाजतो, तोच हात सावलीत ओढला तर गारठतो; एका खिडकीत मी अर्धी वैशाखात आणि अर्धी पौषात. आभाळ निळं नाही, जांभळ्याकडं झुकलेलं, आणि इतकं जवळ की वाळत घातलेलं लुगडं त्याला लागेल. पोरगं खोटं बोललं नव्हतं. घरांची छपरं सपाट, त्यांवर वैरणीच्या पेंढ्या रचलेल्या. गल्लीतून बारीक पाट वाहतो, बर्फाचं पाणी, आणि ज्याची पाळी असेल तो दगड सरकवून आपल्या वावरात घेतो. ते बघून मात्र गलबललं. आपल्या मोशीतही पाटाच्या पाळीवरून तू जावेशी भांडायचीस. आता त्या वावरात सतरा मजल्यांचा टॉवर आहे आणि टँकरनं पाणी येतं. आपल्या मोशीला डोंगर एकच, कचऱ्याचा. आणि इथं जिकडं बघावं तिकडं डोंगर, त्यावर एकसुद्धा बोर्ड नाही की इथं दोन खोल्यांचे फ्लॅट मिळतील. आमच्याकडचा बिल्डर आणून उभा केला असता तर त्याला रडू फुटलं असतं.

तिसऱ्या दिवशी बाजारात गेलो. फुटपाथवर बायका बसलेल्या, पुढ्यात सलगम, पालक, वाळवलेले जर्दाळू. भाव सांगतात आणि गप्प बसतात, ओढून बोलावत नाहीत. अशानं भोसरीच्या मंडईत एक दिवस निघाला नसता त्यांचा. पाट्यांवर तीन तीन लिप्या. एक हिंदी, एक इंग्रजी, आणि एक त्यांची स्वतःची, नातीलाही न येणारी. त्या पाटीखाली आम्ही दोघी उभ्या राहिलो आणि तेवढ्यापुरत्या बरोबरीच्या झालो. तिनं त्याचा फोटो मोठा करून आणला होता, कंपनीच्या गेटपासावरचा. लोक फोटो बघायचे, मग मला बघायचे, आणि उत्तर मला द्यायचे. नाही, अबी-ले. पोलिस ठाण्यात नाही, ट्रक उभे राहतात तिथं नाही, इस्पितळाच्या जुन्या वहीत नाही. कुणी झिडकारलं नाही. नीट बघून नाही म्हणायचे, त्यानं जास्त लागायचं. आशेचं म्हणशील तर मी घरून फार नेली नव्हती, आणि तिथल्या हवेत ती तशीही टिकली नसती.

पाचव्या दिवशी गावाबाहेर गॅरेजांची ओळ आहे तिथं गेलो. अगदी भोसरी. तेच ऑइलनं काळं पडलेलं अंगण, तोच हातोड्याचा आवाज, फक्त मागं बर्फाचा डोंगर. शेवटच्या गॅरेजात कारगिलकडचा एक म्हातारा मुसलमान मिस्त्री होता. पुण्याचं नाव काढल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, पूनावाला ना, एक होता, टँकरचा चांगला जाणकार. दोन हिवाळे माझ्याकडं काम केलं, मग डोंगरातल्या खिंडीपलीकडं नुब्रा खोऱ्यात गेला, तिकडं गॅरेज टाकलं म्हणतात. नाव विचारलं तर म्हणाला, आम्ही पूनावालाच म्हणायचो. नातीनं फोटो पुढं केला. तो त्यानं उन्हात धरला, सावलीत धरला, आणि म्हणाला, "दाढ़ी लगा दो तो वही है. ना लगाओ तो नहीं है." नात तिथून जी पळाली, टॅक्सीवाल्याकडं, दुसऱ्या दिवशीची गाडी ठरवायला, तिथल्या हवेत पळाली, दम लागून वाकली, आणि पुन्हा पळाली. मी पायरीवर बसून राहिले. मिस्त्रीनं मला पाणी दिलं. आणि जायला निघालेल्या माणसाला सहज सांगावं तसं, तळहात कमरेएवढ्या उंचीवर आडवा धरून म्हणाला, "उसकी बेटी अब इतनी होगी."

आई, त्या पायरीवर मी तुझ्यावरचा राग सोडला. सोडला म्हणजे काय, धरून ठेवायला हातात जोर राहिला नाही. माणूस मेला असेल ह्याचं दुःख करायला आपल्याला सगळे शिकवतात, माहेर शिकवतं, सासर शिकवतं, बारा दिवस आखून दिलेले असतात. तो जिवंत असेल, जेवत असेल, पोरीची वेणी घालत असेल, आणि आपली आठवण येऊनही त्यानं फोन केला नसेल, ह्याचं काय करायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. बाबा वऱ्हाडात कुठं होते हे तुला कळलं होतं का गं? कुणी त्या बाजूनं आलेल्यानं तुलाही असा हात धरून दाखवला होता का? तू मेलीस तेव्हा हा प्रश्न मला पडलेलाच नव्हता. नाहीतर शेवटच्या आजारात तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा विचारला असता.

तर खिंडीपलीकडं आम्ही गेलो नाही. घरी सगळ्यांना माहीत आहे ते असं की निघायच्या सकाळी म्हातारीचा श्वास उतरला, नातीनं गाडी परत पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. नात पुन्हा जाते म्हणाली नाही. एकदाच, रविवार होता, तिला शिफ्ट नव्हती, माझे पाय दाबत बसली होती, तेव्हा म्हणाली, "आजी, तो बाबाच असला तर?" मी म्हटलं, "बाबा असता तर आला असता." ती माझं ऐकते. लहानपणापासून ऐकते, हेच वाईट आहे. सुनेला तिनं सांगितलं, मिस्त्रीलाही नक्की ठाऊक नव्हतं, अंदाजानं बोलत होता. सून बरं म्हणाली आणि सर्वपित्रीची रजा टाकून आली. परवा आहे. नारळ आणलाय. पळस आता मोशीत कुठं मिळायचा, चऱ्होलीच्या पलीकडून एका ओळखीच्यानं काड्या आणून दिल्यात, त्या नातीनं एकसारख्या कापून रबर लावून ठेवल्यात, एकही वाकडी नाही. नदीला हल्ली साबणासारखा फेस असतो. कावळे नाहीत, टॉवरवाल्यांनी पाळल्यासारखी कबुतरं वाढलीत, तेव्हा घासाला कोण शिवतं ते बघायचं. गुरुजींनी विचारलं, गेल्याची काही खात्री? मी म्हटलं, मी स्वतः जाऊन आलेय. त्यावर त्यांनी सामानाची यादी लिहायला घेतली.

आता त्या सकाळचं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं एक यंत्र नातीनं नेलं होतं, रक्तात हवा किती ते आकड्यात दाखवतं. रोज सकाळी लावायची. आदल्याच दिवशी आकडा फार खाली आला तशी ती घाबरली, तर घरमालकीण म्हणाली, हात गार असला की हे खोटं बोलतं, आणि माझी बोटं तिनं गरम पेल्याभोवती धरून ठेवली. आकडा वर आला. त्या सकाळी गाडी दारात आली. नात खाली जाऊन ड्रायव्हरशी बोलत होती, पाण्याच्या बाटल्या ठेवत होती, तिचा आवाज वरपर्यंत येत होता, मी तिला इतकं बोलताना बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. मी न्हाणीत गेले. बादलीत रात्रीचं पाणी होतं, वर बर्फाचा पापुद्रा धरलेलं. लिहिणारी थांबलीय. तिला म्हटलं थांबू नको. ती म्हणते, मावशी, तुम्ही लेकरासाठीच केलं असंल ना, तसं लिहू का? नको. नातीसाठी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तेव्हा माझ्या मनात नात नव्हती. मला एवढंच दिसत होतं की तो गॅरेजातून हात पुसत बाहेर येतो, मला बघतो, ओळखतो, आणि पाहुण्या बाईला म्हणावं तसं म्हणतो, बसा. मी उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला आणि ती जिना चढून वर येईपर्यंत काढला नाही. बोटं निळी पडली होती, ती पदराला पुसून मी तिच्या यंत्रात दिली; आकडा बघून ती इतकी घाबरली की कालचा गरम पेला तिला आठवला नाही. श्वासाला काही झालं नव्हतं, आई, तो अगदी नीट चालला होता.